उल्हास खोऱ्यातील सामाईक दप्तर

कल्याण सोडून कर्जतच्या अंगाने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अर्ध्या तासाच्या आत मागे टाकते. परंतु एवढ्याशा टापूत वसाहतींच्या उत्पत्तीचे जेवढे भिन्न प्रकार एकत्र आले आहेत, तेवढे महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळतील. अंबरनाथला शके ९८२ चा शिलालेख बाळगणारे शिलाहारांचे शिवालय आहे, आणि त्याच गावाने पुढे काडेपेट्यांचा कारखाना, आयुधनिर्माणी आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत पाहिली. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी संसार मांडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत त्या छावणीचे उल्हासनगर झाले. बदलापूर हे नदीकाठचे जुने गाव, मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या चाकरमान्यांनी वाढवलेले. साहजिकच या टापूत दप्तरही एका तऱ्हेचे राहिले नाही: आयुधनिर्माणीचे कागद इंग्रजीत, नगरपालिकेचे मराठीत, आणि उल्हासनगर कॅम्पातल्या पेढीवरची कीर्द-खतावणी पुष्कळ काळ सिंधीत.

कागदाच्या काळात ही भिन्नता फारशी जाचत नसे, कारण कागद कोणत्याही टेबलावर ठेवला तरी तो वाचण्याची अडचण माणसाची होती, टेबलाची नव्हती. संगणक आले आणि प्रथमच अशी अवस्था उत्पन्न झाली की, एका यंत्राने लिहिलेला मजकूर शेजारच्या यंत्राला दिसतच नाही. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत, एकाच मालकाची, एकाच विजेवर चालणारी, आणि तरीही परस्परांना सर्वस्वी परकी. ही तटबंदी कशी पडली, कोणी पाडली, आणि तिचे पडणे आपल्या या कारखानदारी गावांना का उपकारक ठरले, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मूळ वृत्तांत परदेशातील आहे. १९८३ च्या सुमारास आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबॉम या अभियंत्याने एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकाने मागावी कशी आणि पहिल्याने द्यावी कशी, याच्या संदेशांची एक पद्धत रचली. तिला सर्व्हर मेसेज ब्लॉक, संक्षेपाने एसएमबी, असे नाव पडले, आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलून आपल्या कार्यप्रणालीत वाढवली. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने युनिक्स यंत्रांसाठी नेटवर्क फाइल सिस्टिम म्हणजे एनएफएस सिद्ध केली. नॉव्हेल कंपनीचे नेटवेअर तिसरे, ॲपलची ॲपलशेअर पद्धत चौथी. प्रत्येक पद्धत आपल्या हद्दीत उत्तम चालत असे. हद्दीबाहेर तिचा परवाना चालत नसे. यात एक भेद मात्र नोंदवण्याजोगा आहे. सनने आपल्या पद्धतीचा तपशील जगासमोर ठेवला आणि १९८९ मध्ये तो इंटरनेटच्या सार्वजनिक नियमावलीतही दाखल झाला. एसएमबीचा विस्तार मात्र उत्तरोत्तर कंपनीच्या कुलुपात राहिला. पुढचा सारा कलह या कुलुपाचाच आहे.

आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात मध्यम आकाराच्या कारखान्यात जे नेटवर्क प्रथम आले ते बहुधा नेटवेअरचे. काळी, करंगळीहून बारीक कोॲक्सियल केबल भिंतीच्या कडेने खोल्याखोल्यांतून फिरवलेली असे. प्रत्येक संगणकाच्या पाठीमागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा एक धातूचा जोड, आणि केबलच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर. एका पट्ट्याची कमाल लांबी १८५ मीटर. सफाईच्या वेळी कोणी टेबल सरकवले आणि एक जोड सैल झाला, की सबंध कचेरीचे काम ठप्प होई. म्हणून जाणता कारकून एक जादा टर्मिनेटर खणात जपून ठेवी. सर्व्हरवरची सामाईक जागा डॉसच्या संगणकावर एफ या अक्षराने दिसे, आणि ‘एफ ड्राइव्हवर टाक’ एवढ्या तीन शब्दांत हिशेबनीस आपले काम दुसऱ्याच्या स्वाधीन करी. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले पगाराचे आणि मालाच्या साठ्याचे कार्यक्रम याच जागेवरून चालत.

परंतु बँका आणि काही मोठ्या संस्था युनिक्सकडे वळल्या होत्या, हिशेबाची टेबले डॉसवर होती आणि १९९५ नंतर विंडोज ९५ वर गेली, छपाईच्या व जाहिरातीच्या कामात मॅकिंटॉश होते. या तीन राज्यांत दळणवळण म्हणाल तर फ्लॉपीचे. १.४४ मेगाबाइटची ती चौकोनी तबकडी खिशात घालून एका खोलीतून दुसरीत जाणारा शिपाई हाच त्या काळचा खरा दुवा. आणि एकाच दराच्या तीन याद्या तीन यंत्रांवर तयार झाल्या, तर त्यांतली खरी कोणती याचा निवाडा करणारा कोणी नसे. सामाईक दप्तराची खरी गरज येथे आहे. जागा वाचावी किंवा पायपीट वाचावी हे गौण; खरी प्रत एकच असावी आणि ती सर्वांना सारखीच दिसावी, हा मुख्य मुद्दा.

ही कोंडी फोडली ती ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल याच्या टेबलावर डॉसचा संगणक होता, आणि त्याला हवी असलेली जागा युनिक्स यंत्रांवर होती. डिजिटल कंपनीचे एक नवे सॉफ्टवेअर वापरायचे तर त्याच कंपनीच्या पाथवर्क्स पद्धतीनेच सर्व्हरशी बोलणे भाग होते, आणि त्या पद्धतीचा तपशील त्याच्यापाशी नव्हता. १९९१ च्या डिसेंबरात, सुटीच्या दिवसांत, त्याने तारेवरून जाणारे संदेश टिपून घेणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला, संगणक काय विचारतो आणि सर्व्हर काय उत्तर देतो हे ओळीओळीने पाहिले, आणि त्या निरीक्षणावरून उत्तरे देणारा स्वतःचा सर्व्हर युनिक्सवर उभा केला. जानेवारी १९९२ मध्ये त्याने तो सर्वांसाठी खुला करून टाकला. आपण ज्याचे अनुकरण केले ती पद्धत म्हणजे मुळातली एसएमबीच आहे, हे त्याला तेव्हा ठाऊकही नव्हते. जवळजवळ दोन वर्षे ते काम पडून राहिले. मग पत्नीचा संगणक आपल्या लिनक्स या युनिक्सच्या वळणाच्या खुल्या कार्यप्रणालीवरील यंत्राशी जोडण्याची वेळ आली तेव्हा त्याने ती जुनी रचना सहज चालवून पाहिली, आणि ती चालली.

या रीतीचे वर्णन ट्रिजेलने पुढे एका दृष्टान्ताने केले आहे: फ्रेंच न येणाऱ्याने फ्रान्समधल्या उपाहारगृहात बसावे, कोण काय मागतो आणि वाढपी काय आणून देतो हे पाहत राहावे, आणि तेवढ्यावर भाषा शिकावी. मला यातील नैतिक बाजू महत्त्वाची वाटते. त्याने कोणाच्या कपाटातून कागद काढले नाहीत, कोणाचा लिहिलेला कार्यक्रम उघडून त्याची नक्कल केली नाही. स्वतःच्या टेबलावरच्या तारेवरचे संभाषण त्याने ऐकले आणि चिकाटीने त्याचे व्याकरण बांधले. उल्हासनगरच्या बाजारात मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत व्यवहार करणाऱ्या सिंधी दुकानदारांची पहिली पिढीही शाळेत मराठी शिकलेली नव्हती. ऐकून, चुकून आणि पुन्हा ऐकूनच ती भाषा त्यांच्या तोंडी बसली.

१९९४ मध्ये या सर्व्हरच्या मूळ नावावर दुसऱ्या एका कंपनीने व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला. तेव्हा ट्रिजेलने संगणकातील शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द शोधले, आणि जी थोडकी नावे निघाली त्यांतून ‘सांबा’ निवडले. जेरेमी ॲलिसन प्रभृती सहकारी येऊन मिळाले, आणि एका विद्यार्थ्याचे सुटीतले काम जगभरच्या कचेऱ्यांचा आधार बनले.

आपल्याकडे ते आले लिनक्सच्या पाठोपाठ. इंटरनेटची जोडणी १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना खुली झाली असली, तरी टेलिफोनच्या तारेवरून एवढे मोठे सॉफ्टवेअर उतरवून घेणे उपनगरातील माणसाला परवडणारे नव्हते. तेव्हा पीसीक्वेस्ट मासिकासोबत मिळणारी लिनक्सची सीडी हेच पुष्कळांचे पहिले साधन झाले. यंत्राची तजवीज त्याहून सोपी होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला, म्हणजे असेंबल केलेला, संगणक उल्हासनगरात कमी किमतीत मिळे. त्यावर लिनक्स आणि सांबा चढवले, की विंडोजच्या सर्व्हरचा व त्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाच्या परवान्याचा खर्च टळे. दहा-बारा माणसांच्या कारखान्याला ही बचत लहान नव्हती. टॅलीचा हिशेब, दरपत्रके, बॉयलरच्या नोंदी, निर्यातीची कागदपत्रे, सारे त्या एका पेटीत जाऊ लागले. कारकुनाला त्यातले काही दिसत नसे. त्याच्या पडद्यावर फक्त ‘नेटवर्क नेबरहूड’ या चिन्हामागे आणखी एक संगणक आलेला असे. त्या पेटीवर विंडोज नाही हे त्याला कळूही नये, यातच जोडणाऱ्याचे यश होते.

हे यश सहज आले नाही. युनिक्सच्या दृष्टीने इंग्रजीतील लहान आणि मोठे अक्षर यांत भेद आहे, डॉसच्या आणि विंडोजच्या दृष्टीने नाही. तेव्हा एकाच फोल्डरात दोन वेगळ्या फाइली असताना विंडोजने त्यांतली कोणती उघडावी, हा प्रश्न सांबाला सोडवावा लागला. युनिक्सची मुखत्यारी धनी, त्याचा गट आणि इतरेजन या तीन पायऱ्यांची, तर विंडोज एनटीची प्रत्येक व्यक्तीगणिक स्वतंत्र यादी करणारी; एकीचे दुसरीत रूपांतर करताना कोणाला तरी जास्त अधिकार मिळे, नाहीतर कोणाचा तरी हक्क जाई. १९९७ च्या मे महिन्यात विंडोज एनटीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने पासवर्ड उघड्या स्वरूपात तारेवर पाठवणे बंद केले. निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होता. पण आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चाललेले सांबा सर्व्हर दुसऱ्या दिवशी दारे लावून बसले, आणि कूटबद्ध केलेल्या पासवर्डांची निराळी फाइल करीपर्यंत जोडणाऱ्यांची त्रेधा उडाली.

सर्वांत घातक प्रकार कुलपांचा. एखादी फाइल एकटाच संगणक वापरीत असेल, तर तिची प्रत स्वतःपाशी ठेवून त्याने बदल तेथेच जमवावेत आणि सवडीने परत पाठवावेत, अशी सवलत एसएमबीत आहे. दुसरा कोणी ती फाइल मागू लागला की सर्व्हर पहिल्याला हाक मारून बदल जमा करवून घेतो. इंग्रजीत या सवलतीला ‘ऑपलॉक’ म्हणतात. तारा शाबूत असतील तेथे ही युक्ती वेग वाढवते. पण जेथे जोड सैल, वीज अनियमित, आणि भारनियमन पाचवीला पुजलेले, तेथे पहिला संगणक हाकेला ओ देण्याआधीच बंद पडतो, आणि फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलीतील अर्धी नोंद कायमची जाते. मार्चअखेरीस असा प्रसंग आला, की हिशेबनिसावर केवढे संकट कोसळे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच कळेल. अशा फाइलींपुरती ही सवलत काढून घेण्याची एक ओळ सांबाच्या मांडणीत लिहिता येते. ती एक ओळ ज्याला ठाऊक तोच या भागात जाणता समजला जाई.

लिपीचा प्रश्न तर आपल्या घरचाच. आठ अक्षरांच्या नावांच्या काळात ‘पगार मार्च’ हे स्वर गाळून रोमन लिपीत कोंबावे लागे. विंडोज २००० ने देवनागरीला आसरा दिला, परंतु सांबाने युनिकोड पुरते आत्मसात केले ते सप्टेंबर २००३ मधील तिसऱ्या आवृत्तीत. मधल्या काळात विंडोजवर देवनागरीत दिलेले नाव सामाईक फोल्डरात धड उतरत नसे. त्यानंतरही एक सूक्ष्म पेच उरला, तो मराठीच्या ‘ऱ’ या अक्षराचा. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ या नावातील हे अक्षर एक स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येते, र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते, आणि र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या मार्गानेही ‘ऱ्या’ हे जोडाक्षर पडद्यावर उमटते. ॲपलची जुनी फाइल-रचना पहिले रूप मोडून दुसऱ्या रूपात साठवी. लिनक्स मात्र जे आले ते तसेच ठेवते. अशी मोडलेली नावे त्याच रूपात लिनक्सच्या पेटीत उतरली, तर एकाच फोल्डरात दिसायला हुबेहूब सारख्या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी नांदतात, आणि शोधणाऱ्याला त्यांतली एक सापडते, दुसरी सापडत नाही. ‘शेतकऱ्यांच्या’, ‘व्यापाऱ्यांच्या’, ‘खोऱ्यातल्या’ याद्या ज्या भाषेत रोज कराव्या लागतात, तिच्या लोकांनी हा पेच स्वतःहून समजून घ्यायला हवा. तो सोडवायला कॅलिफोर्नियातून कोणी येणार नाही.

सिंधीची प्रतीक्षा याहून लांबली. १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान मिळालेली ही भाषा भारतात अरबी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. परंतु तिच्या खास ध्वनींसाठी देवनागरीत लागणारी ॻ, ॼ, ॾ आणि ॿ ही खाली रेघ असलेली अक्षरे युनिकोडमध्ये २००६ च्या पाचव्या आवृत्तीत आली. तोवर उल्हासनगरातल्या सर्वांत जुन्या व्यापारी समाजाला स्वतःच्या भाषेत, देवनागरीतून, फाइलीचे नाव शुद्ध लिहिण्याची सोय नव्हती. मला ही उणीव कोणत्याही तांत्रिक अडचणीपेक्षा मोठी वाटते.

सामाईक दप्तराचा एक धोका असा की, ते एका जागी असते. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी बदलापूरपासून कल्याणपर्यंतचा सखल भाग पाण्याखाली घातला. आणि जमिनीलगतच्या खोलीत ठेवलेल्या पेटीत कारखान्याची एकमेव खरी प्रत असेल, तर ती बुडाल्यावर प्रत्येक टेबल एकाच वेळी रिते होते. यावरचा उपायही योगायोगाने त्याच हाताचा आहे. केवळ बदललेला भाग दूरच्या यंत्राकडे पाठवून प्रत ताजी ठेवणारा आरसिंक हा कार्यक्रम ट्रिजेलने पॉल मॅकेरास यांच्यासह १९९६ मध्ये लिहिला. दुसऱ्या मजल्यावर, अथवा दुसऱ्या गावात, अशी प्रत ठेवणे अल्प खर्चाचे आहे.

कायद्याची लढाई युरोपात झाली. विंडोज सर्व्हरशी बोलण्याचा तपशील मिळावा ही मागणी नाकारली गेल्यावर सन कंपनीने १९९८ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २४ मार्च २००४ रोजी आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक दंड ठोठावून तो तपशील प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा हुकूम केला, आणि १७ सप्टेंबर २००७ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात १०,००० युरोंच्या एकरकमी मोबदल्यावर सांबाकर्त्यांसाठी तहनामा झाला आणि इतकी वर्षे ऐकून शिकलेल्या पद्धतीचे अधिकृत कागद त्यांच्या हाती पडले. त्या कागदांच्या आधाराने पूर्ण झालेली चौथी आवृत्ती डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी ॲपलनेही आपली जुनी पद्धत मागे सारून एसएमबीची दुसरी आवृत्ती मुख्य मानली. तीस वर्षांनी का होईना, सर्व राज्यांची व्यवहारभाषा एक झाली.

आणि थोड्याच वर्षांत त्या भाषेच्या जुन्या रूपातले छिद्र उघडे पडले. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर कार्यक्रमाने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषावाटे जगभरच्या संगणकांवरील फाइली ओलीस धरल्या. २७ जूनच्या दुसऱ्या हल्ल्यात मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे जाळे कोलमडले, आणि न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले; आपल्या भागातला निर्यातीचा माल ज्या बंदरातून जातो, तेच ते बंदर. सांबातही त्याच मे महिन्यात एक गंभीर दोष आढळला व दुरुस्त झाला, हेही सांगितले पाहिजे. त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोज १० मध्ये पहिली आवृत्ती मुळातच बंद येऊ लागली. परिणाम आमच्याकडच्या कचेऱ्यांत ताबडतोब जाणवला. कागद स्कॅन करून थेट सामाईक फोल्डरात टाकणारी जुनी झेरॉक्स यंत्रे एकाएकी मुकी झाली, कारण त्यांना ती पहिली भाषाच काय ती येत होती. आणि औषधांच्या कारखान्यांतील पृथक्करणाच्या उपकरणांना जोडलेले विंडोज एक्सपीचे संगणक नव्या सर्व्हरकडे नोंदी पाठवीनात. अशा वेळी सोपा उपाय म्हणून पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला गेला. माझ्या मते तो अनिष्ट आहे. जुने उपकरण टाकवत नसेल तर त्याला स्वतंत्र, बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेली जागा द्यावी आणि तेथून नोंदी दुसऱ्या मार्गाने उचलाव्यात. एका यंत्राच्या सोयीसाठी सर्वांचे दार उघडे ठेवू नये.

ज्यांनी अंबरनाथच्या आणि बदलापूरच्या वसाहतींत ती काळी केबल ओढली, उल्हासनगरच्या गाळ्यांत पेट्या जोडल्या, आणि रात्री थांबून मांडणीची ती एक ओळ लिहिली, ती माणसे आज साठीच्या आसपास आहेत. त्यांनी आपल्या आठवणी सविस्तर लिहून काढाव्यात, जुने जोडणीचे नकाशे, बिले आणि नोंदवह्या रद्दीत न घालता गावातल्या ग्रंथालयाकडे सुपूर्द कराव्यात, आणि ग्रंथपालांनी त्या आनंदाने स्वीकाराव्यात, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.